जालन्याचा बाजार नकाशावर कसा आला

जालना शहराचा पिन कोड 431203. शहरातल्या काही हजार व्यापाऱ्यांची यादी घ्यावी आणि संगणकाला सांगावं, हे पत्ते नकाशावर मांड. पत्त्यात लिहिलेलं असतं ‘मामा चौकाच्या पुढे’, ‘गांधी चमनजवळ’, ‘नवा मोंढा, शेडच्या मागे’. साध्या संगणक प्रणालीला यातलं काही उमगत नाही. तिच्या हाती राहतात सहा आकडे. मग बडी सडकेवरचा सराफ, मोंढ्यातला अडत्या, एमआयडीसीतली रोलिंग मिल आणि कादराबादेतला पंक्चरवाला, सगळे उचलून ती एकाच ठिपक्यावर रचून ठेवते. नकाशा मोठा करत गेलं तरी ठिपका एकच. शेकडो कोटींची उलाढाल असलेलं गाव एका टाचणीच्या टोकावर!

यात पिन कोडचा काही दोष नाही. 15 ऑगस्ट 1972 रोजी तो सुरू झाला तो पत्रांची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून. केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ही योजना. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. पोस्टमनला पुढचं सगळं तोंडपाठ असतं, त्यामुळे तिथवर पोचवलं की काम झालं. दुकानं नकाशावर मांडायला कोणी हा आकडा वापरेल, हे 1972 मध्ये कुणाच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं.

जालन्याच्या व्यापाराची नोंद ज्यांनी ज्यांनी ठेवली, त्या बहुतेकांचं असंच झालं आहे. सैन्याने रस्ते आणि उतार टिपले, महसूल खात्याने शेतं मोजली, रेल्वेने स्टेशनं आणि मालधक्के दाखवले, टपालाने कार्यालयं. ज्याचं जे काम, तेवढंच त्याच्या नकाशात. बाजार त्यात आला तर कडेकडेने आला. आणि पुष्कळदा बाजारालाच नकाशावर यायचं नव्हतं, हेही तितकंच खरं.

नाव आणि गाव एकत्र लिहून ठेवण्याची रीत मात्र या मुलखात फार जुनी आहे. जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनहून आलेले दातेही आहेत. अमक्याचं दान आणि त्याचं गाव तमुक, इतकाच तो मजकूर. पण दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या लोकांचा पैसा कुठवर पोचत होता, ते त्यातून कळतं. 1973 मध्ये भोकरदनला उत्खनन झालं. तिथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुकडा मिळाला आणि अभ्यासकांना लगेच आठवली ती इटलीतल्या पाँपेई शहराच्या राखेतून 1938 मध्ये निघालेली भारतीय हस्तिदंती मूर्ती. दोघींची घडण इतकी जवळची आहे की पाँपेईची मूर्ती याच भागातून गेली असावी, असं काहींनी सुचवलं. ते सिद्ध होवो न होवो, भोकरदन ते भूमध्य समुद्र अशी रेघ ओढावीशी वाटणं स्वाभाविक आहे.

मध्ययुगात जालना भरभराटीला आलं. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण गावकरी अजून अभिमानाने सांगतात. सोन्याचा पाळणा म्हटला की त्यावर डोळा ठेवणारेही आलेच. नोव्हेंबर 1679 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने जालना लुटलं. मोगली मुलखातली ही श्रीमंत पेठ चार दिवस लुटली जात होती. व्यापाऱ्यांनी आपली चीजवस्तू सय्यद जानमहंमद या अवलियाच्या मठात नेऊन लपवली होती, असं मोगल बाजूचे इतिहासकार सांगतात, आणि मराठ्यांना ते ठिकाण कळलं. परतीच्या वाटेवर मोगल सरदार रणमस्तखान आडवा आला, संगमनेरच्या बाजूला मोठी लढाई झाली, मराठा सरदार सिधोजी निंबाळकर पडले. तेव्हा महाराजांचे हेर बहिर्जी नाईकांनी आडवाटेने फौज काढून पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोचवली. सभासदाच्या बखरीत बहिर्जींच्या या कामगिरीची नोंद आहे.

या मोहिमेचं यश तलवारीइतकंच माहितीचं होतं. कोणत्या पेठेत किती माल आहे, तो कुठे दडवला जाईल, कोणती वाट मोगलांना ठाऊक नाही, हे सगळं बहिर्जींच्या माणसांच्या डोक्यात होतं. कागदावर काही नव्हतं. असतं तर ते शत्रूच्या हाती पडण्याचं भय. जालन्याच्या व्यापाऱ्यांनीही यातून धडा घेतला असेल तर तो एकच असणार: आपला माल कुठे आहे ते चारचौघांत सांगू नये.

सव्वाशे वर्षांनी याच मुलखात नकाशा नसण्याची किंमत इंग्रजांना कळली. 2 सप्टेंबर 1803 रोजी कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. 21 तारखेला बदनापूरला त्याची आणि आर्थर वेलस्लीची गाठ पडली. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी शिंदे-भोसल्यांवर चालून जायचं ठरवलं. 23 तारखेला वेलस्ली पोचला तो आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईजवळ. समोर केळणा नदी, पलीकडे मराठ्यांची तोफांनी सजलेली फौज. नदीला उतार कुठे आहे, हे त्याच्याजवळच्या कोणत्याही कागदावर नव्हतं. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाहीच. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं: अलीकडच्या काठावर एक गाव आणि बरोबर समोर पलीकडच्या काठावर दुसरं गाव. दोन गावं अशी समोरासमोर वसतात तर त्यांच्यात येण्याजाण्याची सोय असणारच, हा त्याचा तर्क. त्याने अभियंता अधिकाऱ्याला पाठवून खात्री केली, फौज पिंपळगावच्या उताराने पार नेली आणि लढाई जिंकली. त्याचे दीड हजारांवर लोक मारले गेले किंवा जखमी झाले. पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही तो असईलाच आपली सर्वांत चांगली लढाई मानत असे.

त्या उताराने रोज दूध, भाजी, सरपण नेणारी माणसं असतील. त्यांच्या येण्याजाण्यावरच दोन्ही गावं उभी होती. वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवणाऱ्या बंजाऱ्यांनाही दख्खनच्या वाटा हाताच्या रेषांसारख्या पाठ असत. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घालून ते शेकडो मैल फिरत. लष्कराचा भूगोल अडला तिथे बाजाराचा भूगोल उपयोगी पडला.

पुढे 1827 च्या सुमारास जालन्याला इंग्रजांची छावणी बसली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती उठेपर्यंत जालना हे लष्करी नकाशावरचं ठळक ठिकाण होतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पद्धतीत भारताचे चौकोनी तुकडे पाडलेले आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक आहे. जालना शहर येतं 47 एम/13 या तुकड्यात. टेकड्या, नाले, विहिरी, देवळं, ईदगाह, बैलगाडीची वाट, सगळं त्यात सापडतं. दुकान सापडत नाही. बाजार भरतो तिथे फार तर वाराचं नाव. शिवाय या पत्रकांवर बरीच वर्षं निर्बंध होते. सरकारी कामाशिवाय ती सहज मिळत नसत, त्यामुळे व्यापाऱ्याच्या घरात ती असण्याचा प्रश्नच नव्हता.

जालना तेव्हा निजामाच्या मुलखात होतं. तिथे दिवाण सालारजंगांनी 1865 च्या जिल्हाबंदीने, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडून, कारभाराला वळण लावलं आणि त्यानंतर जमिनीची मोजणी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर सुरू झाली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे; एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा; चाळीस गुंठ्यांचा एकर. भूकरमापक उन्हात उभा राहून टिपण लिहायचा, त्यावरून गाव नकाशा तयार व्हायचा. शेताचा कोपरा न् कोपरा नोंदला जाई, कारण सारा शेतावर होता. गावातलं किराणा दुकान मात्र त्या नकाशात पांढऱ्या जागेत, गावठाणाच्या पोटात गडप. 1884 मध्ये औरंगाबादचं गॅझेटियर छापून आलं. त्या काळी जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. व्यापाराची हकिकत अशा ग्रंथांतून वाचायला मिळे. बाजारात त्या वस्तूंची दुकानं कुठे, हे त्यांतून हुडकता येत नसे.

1900 मध्ये मनमाड-हैदराबाद मीटरगेज रेल्वे आली आणि जालन्याचा कापूस मुंबईच्या वाटेला लागला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, मोंढा, म्हणजे शेतमालाचा घाऊक बाजार, वाढला. या मोंढ्याची एक जुनी चाल आठवण्यासारखी आहे. भाव बोलून ठरत नसे. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालत, बोटं दाबत, आणि सौदा होई. बाजूला उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव शेवटपर्यंत कळत नसे. हैदराबाद संस्थानाने 1930 मध्ये शेतमाल बाजाराचा कायदा केला, महाराष्ट्राचा कायदा 1963 मध्ये आला. दोन्हींचा गाभा हाच की भाव उघड्यावर, हर्रासात ठरावा, वजन मापाड्याने करावं आणि काटापट्टी हाती पडावी. जनावरांच्या काही बाजारांत रुमालाखालची बोटं अजून चालतात.

व्यापाराची माहिती लोकांसमोर मांडण्याचा खरा इतिहास या कायद्यांपासून सुरू होतो, असं म्हटलं तर चालेल. बाजार समितीच्या फळ्यावर खडूने लिहिलेला भाव हा त्याचा पहिला अवतार. आकाशवाणीने तो गावोगाव नेला. 2000 मध्ये केंद्राचं अ‍ॅगमार्कनेट हे शेतमालाच्या भावांचं संकेतस्थळ सुरू झालं, राज्याच्या पणन मंडळाच्या संकेतस्थळावरही रोजचे भाव येऊ लागले. त्यातली रकान्यांची भाषा मोंढ्यातलीच आहे: जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. 2018 मध्ये जालन्यात रेशीम कोषांचा बाजार सुरू झाला. राज्यातला असा तो पहिला. त्याआधी इथल्या शेतकऱ्याला कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावं लागे. रामनगर आणि जालना या दोन बाजारांचे भाव आज घरबसल्या शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. गाडीभाडं वजा करून कुठे जायचं ते ठरवणं हा शेतकऱ्यासाठी नकाशाचा सर्वांत रोकडा उपयोग.

जालना जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. औरंगाबादमधून जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीतून परतूर असे तालुके घेऊन. योगायोग असा की त्या वर्षीच्या जनगणनेची संदर्भ तारीख होती 1 मार्च. नवा जिल्हा दोन महिन्यांनी उशिरा जन्मला, त्यामुळे त्याची मोजदाद जुन्या जिल्ह्यांच्या आकड्यांतून वेगळी काढावी लागली. 2011 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर होती, शहराची पावणेतीन लाखांच्या वर.

माणसं मोजणं एक, धंदे मोजणं दुसरं. देशात पहिली आर्थिक गणना झाली 1977 मध्ये. सहावी 2013-14 ची. तिच्यात देशभरात 5 कोटी 85 लाख आस्थापना निघाल्या. प्रगणक घरोघर फिरला, चहाची टपरीही मोजली. मात्र नावापत्त्याची जी सूची तयार झाली ती आठ किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांची. म्हणजे टपरी बेरजेत आली, सूचीत आली नाही. 2019 मध्ये सुरू झालेल्या सातव्या गणनेत कागद गेला आणि मोबाइल आला. प्रत्येक आस्थापनेची जागा उपग्रहाच्या मदतीने टिपायची सोय होती. सगळी तयारी नकाशाच्या दिशेने होती, आणि नेमकी तीच आकडेवारी लोकांसमोर आली नाही.

दरम्यान जालन्याचे धंदे बदलले होते. बद्रिनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको काढली आणि संकरित बियाण्यांचं नाव जालन्याशी जोडलं गेलं. 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याचा धंदा मुळातच नकाशाचा आहे. बीजोत्पादनाच्या शेतापासून ठराविक अंतरात त्याच पिकाचं दुसरं वाण असून चालत नाही, नाहीतर परागकण मिसळून सगळा प्लॉट वाया जातो. त्यामुळे कोणाचं शेत कुठे, बांधाला बांध कोणाचा, शेजाऱ्याने काय पेरलं, हे कंपनीच्या माणसाला पेरणीआधीच ठाऊक असावं लागतं. या धंद्यात ही माहिती वर्षानुवर्षं वह्यांत साठली. ती उघडी करायची नसते, हेही ओघाने आलंच. चांगला बीजोत्पादक शेतकरी स्पर्धकाला कोण दाखवेल?

दुसरा धंदा पोलादाचा. औरंगाबाद रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत भट्ट्या आणि रोलिंग मिल उभ्या राहिल्या, भंगार वितळवून बांधकामाच्या सळ्या निघू लागल्या. राज्यभर घरांच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळी आहे. एमआयडीसीची स्थापना 1962 ची. तिचा नकाशा महसुली नकाशापेक्षा अगदी वेगळा: आखीव रस्ते, क्रमांकाचे प्लॉट, कोणता रिकामा, कोणता दिलेला. असे प्लॉट संगणकाच्या नकाशावर आणणं सर्वांत सोपं, कारण सीमा सरळ आणि मालक एक. ऑगस्ट 2020 मध्ये केंद्राने औद्योगिक जमिनींची जी पेढी नकाशासह सुरू केली, तीत देशातली चार हजारांहून जास्त औद्योगिक क्षेत्रं आज पाहता येतात.

आता या सगळ्याला जागा देणाऱ्या यंत्राकडे वळायला हवं. 1993 मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्राने इंटरनेटवर पहिला हलता नकाशा ठेवला. एकदा क्लिक केलं की दूरचा संगणक नवं चित्र काढून पाठवायचा; तोवर चहा होऊन जाई. फेब्रुवारी 2005 मध्ये गुगल मॅप्स आलं आणि सगळं बदललं. युक्ती साधी होती. नकाशा आधीच कापून ठेवायचा, 256 बाय 256 ठिपक्यांच्या चौकोनी तुकड्यांत. शून्याव्या पातळीला अख्खं जग एका तुकड्यात. पुढच्या प्रत्येक पातळीला एकाचे चार. अठराव्या पातळीला हा हिशेब सुमारे 6,872 कोटी तुकड्यांवर जातो. पाहणाऱ्याच्या पडद्यावर त्यातले पाचपंचवीसच लागतात, तेवढेच येतात, बाजूचे मागाहून गुपचूप भरले जातात. आजीच्या गोधडीसारखे ठिगळाला ठिगळ लागतं आणि शिवण दिसत नाही.

गुगलने हे स्वतःपुरतं ठेवलं होतं. पॉल रेडमेकर नावाच्या संगणकतज्ज्ञाने त्याच वर्षी खटपट करून त्या नकाशावर भाड्याच्या घरांच्या जाहिराती टाकल्या. आधी लोक यादी वाचत, मग नकाशा शोधत. आता यादीच नकाशा झाली. काही महिन्यांतच, जून 2005 मध्ये, गुगलने इतरांना आपल्या नकाशावर हवं ते मांडायची मुभा अधिकृतपणे दिली. जगभरची दुकानं, हॉटेलं, गोदामं नकाशावर उतरू लागली ती इथून.

शंभर दुकानं टाकणं सोपं, लाखभर टाकली की ब्राउझरचा दम निघतो. प्रत्येक दुकानासाठी तो वेगळी टाचणी काढतो, तिच्यावरचा मजकूर सांभाळतो, बोट लागलं की उघडतो. काही हजारांनंतर पडदा गोठतो. गुगलच्या ‘माय मॅप्स’मध्ये आजही एका थरात दोन हजारांहून जास्त ओळी घेता येत नाहीत. यावर उपाय तीन निघाले. पहिला, जवळजवळच्या टाचण्यांची मोळी बांधून वर आकडा लिहायचा: दुरून जालना ‘4,200’ असं एक वर्तुळ दिसावं, जवळ गेलं की ते मोंढा, एमआयडीसी, बडी सडक असं फुटावं. दुसरा, ठिपके दूरच्या संगणकावरच रंगवून त्यांचेही तुकडे पाडायचे आणि चित्र म्हणून पाठवायचे. तिसरा, चित्राऐवजी त्या तुकड्यातली कच्ची माहिती दाबून पाठवायची आणि रंगवायचं काम पाहणाऱ्याच्या मोबाइलवर सोडायचं. 2014 नंतर ही तिसरी रीत रुळली. 2011 मध्ये व्लादिमिर अगाफोन्किन या युक्रेनियन तरुणाने लीफलेट ही फुकट, हलकी प्रणाली दिली आणि नकाशा करणं छोट्या कार्यालयांच्याही आवाक्यात आलं.

भारतात गंमत वेगळीच झाली. 2008 पासून गुगलच्या मॅप मेकरवर सामान्य लोक स्वतः रस्ते, देवळं, दुकानं टाकू लागले. 2013 मध्ये गुगलने त्याची स्पर्धाच घेतली, आणि 1767 पासून देशाचे नकाशे काढणाऱ्या सर्व्हे ऑफ इंडियाने पोलिसांत तक्रार केली: परवानगीशिवाय हे चाललंच कसं? लष्करी ठिकाणं उघड होण्याची काळजी खोटी नव्हती. पण त्याच धाग्यात चौकातलं मेडिकल स्टोअरही अडकलं. 15 फेब्रुवारी 2021 रोजी केंद्राने नवे नियम काढले आणि भारतीय कंपन्यांना नकाशे करायला आधी परवानगी घेण्याची अट संपली. तोवर बाजार पुढे निघून गेला होता.

जालन्यासारख्या जिल्ह्यात ऑनलाइन नकाशाचं खरं वजन मात्र दुकानांपेक्षा शेतात आहे. राज्याच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गावाचा नकाशा उघडतो, गट क्रमांकावर बोट ठेवलं की खातेदार दिसतो. साखळीने मोजलेलं टिपणच ते, संगणकात उतरवलेलं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी गाव नमुना बारामध्ये तलाठी पीक लिहायचा, कधी बांधावर जाऊन, कधी चावडीत बसून. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून फोटो काढायचा. मोबाइल जागेची नोंद करतो, शेतापासून लांब असाल तर तक्रार करतो. एका हंगामात राज्यभरातून अशा लाखो नोंदी येतात. जालन्यात कापूस किती, सोयाबीन किती, मोसंबीच्या बागा कुठे दाटल्यात, हे पेरणीनंतर थोड्याच दिवसांत कळू शकतं. व्यापाऱ्यासाठी याहून मोलाची माहिती नाही. जिनिंगवाल्याला आपल्या आवारात किती कापूस येणार ते दिवाळीआधीच समजेल! म्हणूनच ही माहिती कोणाला, किती बारकाईने दाखवायची हा वाद मोठा आहे. गटनिहाय पीक उघड झालं तर अडत्या आणि कंपनी शहाणी होतात. तालुक्याची बेरीज उघड झाली तर शेतकऱ्यालाही अंदाज बांधता येतो. बेरीज खुली असावी आणि गट झाकलेला, हेच न्याय्य.

शहरातल्या धंद्यांचा सर्वांत अचूक नकाशा आज बहुधा कर खात्याजवळ आहे. जीएसटी 1 जुलै 2017 रोजी आला. नोंदणीतल्या पत्त्यांना नकाशावर जागा देण्याचं काम पुढे सुरू झालं आणि 2023 पर्यंत देशातले पावणेदोन कोटींहून जास्त पत्ते असे बसवून झाले. हा नकाशा तुम्हाआम्हाला दिसत नाही. दिसावा अशी व्यापाऱ्यांचीही इच्छा नाही. ऑगस्ट 2022 मध्ये आयकर खात्याने जालन्याच्या पोलाद उद्योगावर छापे घातले तेव्हा अधिकाऱ्यांची पथकं वऱ्हाडाच्या गाड्यांचं सोंग घेऊन शहरात शिरली, काचांवर नवरा-नवरीच्या नावांचे कागद चिकटवून, असं वर्तमानपत्रांत आलं. संगणक कितीही मोठा झाला तरी कुणाच्या दारात जायचं आणि कसं जायचं, हे बहिर्जींच्या रीतीनेच ठरतं, असं जालनेकर गमतीने म्हणाले असतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

सर्वसामान्यांना दिसतो तो नकाशा वेगळा. त्यात मोबाइल दुकान दिसतं, कोचिंग क्लास दिसतो, हॉटेलं आणि दवाखाने त्यांच्या तारांकित शेऱ्यांसह दिसतात. ज्याला गिऱ्हाईक बाहेरून हवं, तो स्वतःला नकाशावर टाकतो. ज्याचं गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं आहे, असा अडत्या, सावकार, बियाण्याचा ठोक व्यापारी, त्याला टाचणीची गरज नाही. आणि ज्याला जागाच नाही, म्हणजे हातगाडीवाला, आठवडी बाजारातली भाजीवाली, बोहारीण, ती नकाशाच्या हिशेबातच नाही. चार गावांच्या चार बाजारांत चार दिवस बसणाऱ्या बाईचा पत्ता काय लिहायचा? संगणकाला जागा कळते, वार कळायला अवघड जातो. वर्षाची जत्रा आणि आठवड्याचा बाजार हा आपल्या व्यापाराचा मोठा हिस्सा आणि तोच नकाशात सर्वांत विरळ.

2023 मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली. व्यवसाय परवाने तिच्याकडे आहेत, प्लॉट एमआयडीसीकडे, गाळे बाजार समितीकडे, कर जीएसटीकडे, लघुउद्योगांची नोंद उद्यमकडे. प्रत्येकाचा क्रमांक निराळा, पत्ता लिहायची तऱ्हा निराळी, म्हणून एकच रोलिंग मिल पाच याद्यांत पाच ठिकाणी निघते. महापालिकेने किमान परवान्यांची यादी जागेसह खुली करावी. त्यात उलाढाल नको, मालकाचा फोन नको, धंद्याचा प्रकार आणि जागा एवढं पुरे. नव्याने धंदा काढणाऱ्या पोराला कोणत्या गल्लीत आधीच सात मेडिकल आहेत, ते कळेल. अग्निशमन दलाला गोदामं कुठे ते कळेल.

महापालिकेची वाट न पाहता करण्यासारखंही एक काम आहे. 2004 मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा कोणाच्या मालकीचा नाही; त्यात कोणीही भर घालू शकतो, मराठीत नावं लिहू शकतो, आणि तो डेटा कोणीही फुकट वापरू शकतो. बाजाराची जागा दाखवण्याची त्यात सोय आहे आणि तो कोणत्या वारी, किती ते किती भरतो हे लिहिण्याचीही. घनसावंगी, मंठा, जाफराबाद तालुक्यांतल्या ज्या वाचकाच्या गावचा बाजार तिथे नसेल, त्याने तो या आठवड्यात टाकावा. वार लिहायला मात्र विसरू नये.